दुसरा हप्ता

गोदामात त्याला बारक्या म्हणायचे, आणि नवीन आलेला माणूस हे नाव ऐकून हटकून हसायचा. कारण बारक्या दारातून आत येताना चौकटीला खांदा लागू नये म्हणून जरा तिरका व्हायचा. तो घरातलं शेंडेफळ, बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव अंगाबरोबर वाढलं नाही, इतकंच. अडतिसाव्या वर्षीही तो बारक्याच होता.

सोळा वर्षं त्याने फरशांची खोकी उचलली. दिवसाला दोन ट्रक भरायचे, एक रिकामा करायचा. ट्रक भरला की ड्रायव्हर चहाचा पेला खाली ठेवायचा, मागचा फाळका नीट लागलाय का ते बघायचा, केबिनमध्ये चढायचा आणि निघून जायचा. बारक्याला त्यांचा हेवा वाटायचा. नवी नवी गावं बघायला मिळतात म्हणून नव्हे. ते बसून कमावतात म्हणून.

मग एका सकाळी खोकं उचलताना कमरेत काहीतरी कट् झालं आणि तो होता तिथेच, वाकलेलाच राहिला. दोघांनी धरून त्याला पोत्यांवर निजवलं. दवाखान्यात सांगितलं की मणक्यातली चकती सरकली आहे, फार तर वर्षभर रेटाल, पुढे उचलायचं काम सोडावंच लागेल. बारक्याला दुसरं काही येत नव्हतं. घरात बायको होती, ती साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायची. मुलगी नऊ वर्षांची होती.

गोदामाचा मालक तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हता. त्याने बारक्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की म्हातारा ड्रायव्हर तीन महिन्यांनी काम सोडतोय. तोवर अवजड गाडीचा परवाना आणलास तर ती जागा तुझी. नाही आणलास तर मी दुसरा माणूस बघतो. आणि उचल मागू नकोस, आधी परवाना आण, मग बोलू.

शिकवणीची फी एकूण चाळीस हजार होती. नवरा-बायकोने जेवणानंतर बसून कागदावर मांडणी केली. महिन्याचा खर्च आधीच इतका ताणलेला होता, की कुठे चिमटा काढायचा हाच प्रश्न होता. बायकोने कारखान्याच्या पतपेढीतून काही उचललं. त्याने बसने जाणं सोडलं, चालत जायला लागला. मुलीची चित्रकलेची शिकवणी बंद झाली. रंगांची पेटी तिने स्वतःच कपाटाच्या वर नेऊन ठेवली. असं करत करत अर्धी फी जमली आणि तो पहिला हप्ता भरून आला. उरलेली अर्धी तीन आठवड्यांनी, गाडी रस्त्यावर काढायच्या आधी भरायची होती. नाही भरली तर पुढच्या तुकडीत बसावं लागणार, आणि पुढची तुकडी चार महिन्यांनी. तोवर गोदामातली जागा थोडीच थांबणार होती?

मैदानावर शिकवणारे मास्तर तीस वर्षं ट्रक चालवून आलेले होते. बोलताना ते समोरच्याकडे कमी आणि त्याच्या मागे जास्त बघायचे, आरशांची सवयच तशी. त्यांनी बारक्याला पहिल्या आठवड्यात फक्त मागे गाडी घ्यायला लावली. दोन रिकाम्या पिंपांच्या मधून, कुठेही न लागता. पुढे जायला कुणालाही येतं, म्हणायचे, माणूस मागे कसा जातो त्यावरून ड्रायव्हर ओळखावा. बारक्याने पहिल्या दिवशी चार पिंपं चेपली. दुसऱ्या दिवशी दोन. दहाव्या दिवशी मास्तरांनी पिंपं आणखी जवळ लावली आणि चहा प्यायला निघून गेले. त्या दिवशी तो घरी आला तो शीळ वाजवत. बायकोने विचारलं, पैशांचं काही झालं का? शीळ तिथेच थांबली.

दुसऱ्या हप्त्याचे वीस हजार उभे राहत नव्हते. ज्यांच्याकडे मागता येण्यासारखं होतं त्यांच्याकडे मागून झालं होतं. राहिली होती ताई, आणि तिच्याकडे मागायचं नाही असं त्याने पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा बारक्या सात वर्षांचा होता. त्याला आंघोळ घालण्यापासून शाळेच्या सदऱ्याला बटणं लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे तिचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा आजाराने गेला, मूलबाळ नव्हतं. आता ती दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनशेजारी पलंग. कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्या एका दुकानाचं दुरुस्तीचं काम ती करायची. पँटींची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर बसवणं. दुकानदार म्हणायचा, पट्टी हरवली तर बाईंचा टाका बघून रेघ मारावी.

त्या वर्षी ताई दाराच्या चौकटीला धडकायला लागली होती. नेहमी उजव्या बाजूने. खांद्यावर निळे डाग पडायचे. उजवीकडे ठेवलेली दोऱ्याची रिळं तिला सापडत नसत, आणि मग ती कुणी हलवली म्हणून एकटीच चिडायची, त्या खोलीत हलवणारं दुसरं कुणी नव्हतं तरी. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तिने सहा महिने ढकलले. शेवटी बारक्या तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. दुसरा हप्ता भरायची मुदत सोमवारी संपत होती. हा त्या आधीचा बुधवार होता.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढे बसवलं, बराच वेळ बघितलं. मग दोघांनाही समोर बसवून सांगितलं. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला औषधाने भागेल, उजव्याचं ऑपरेशन करावं लागेल. "जी नजर गेली ती परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेली राखायची असते. वेळ घालवू नका."

थेंबांमुळे ताईला समोरचं धूसर दिसत होतं. ती बाहेर बाकावर बसली आणि तिची फाइल घेऊन बारक्या तारीख घ्यायला खिडकीपाशी गेला. ऑपरेशनचे पैसे ताईने साठवलेले होते. दरमहा थोडे थोडे, किती वर्षं कुणास ठाऊक. ती म्हातारपणाची सोय होती. खिडकीतल्या कारकुनाने वही चाळली आणि सांगितलं की तीन आठवड्यांनी, वीस तारखेला जागा आहे, शनिवारपर्यंत पैसे भरा म्हणजे पक्कं. त्याने फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वीस लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खिडकीपासून बाकापर्यंत फार तर वीस पावलं. बारक्या नंतर कितीदा तरी ती पावलं मनातल्या मनात चालला. पहिल्या पावलाला त्याच्या मनात काहीही नव्हतं, असं तो शपथेवर सांगू शकला असता. वाटेत कुठेतरी त्याला सोमवार आठवला. कुठेतरी त्याचा अंगठा फाइलच्या कोपऱ्यावर फिरला आणि पेन्सिलीची खूण पुसट झाली. बाकापाशी पोचेपर्यंत वाक्य तोंडात तयार होतं.

"गर्दी फार आहे, ताई. नंबर चार महिन्यांनी लागेल म्हणतात."

त्याने ठरवलं होतं की घरी जाताना, जिना चढताना वगैरे, हळूच विषय काढायचा. ती वेळच आली नाही. ताईने डोळे मिचकावत त्याच्या आवाजाच्या दिशेने बघितलं आणि म्हणाली, "मग तोवर पैसे नुसते पडून कशाला? तुझा हप्ता भर. चार महिन्यांत देशील ना परत?"

तो हो म्हणाला. त्याला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पण सोमवारी सकाळी त्याने ताईचे पैसे भरले, पावती घेतली आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर बायकोलाही तेच सांगितलं, चार महिन्यांनी नंबर आहे. बायकोचे डोळे भरून आले. ताईंसारखी नणंद नशिबाने मिळते, असं ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ताईसाठी फळं घेऊन गेली. ताईची फाइल बारक्याने हरवायला नको म्हणून स्वतःकडेच ठेवली.

गाडी रस्त्यावर आली. बारक्या चांगला शिकला, हे मान्य करायला हवं. चढावर भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलायला त्याला एकदाच सांगावं लागलं. मास्तर शेजारी बसून शेंगदाणे खायचे आणि क्वचित काही बोलायचे. त्यांनी एकदा विचारलं, "तू सारखा उजवीकडचा आरसा का बघतोस रे? डावीकडेही रस्ता आहे." बारक्याने मान डावीकडे वळवली. उजवीकडे बघितलं की त्याला ताई आठवायची, तिला त्या बाजूचं किती दिसत असेल याचा तो अंदाज घ्यायचा. एकदा त्याने एक डोळा मिटून बघितलं. मास्तरांनी पाठीत असा धपाटा घातला की शेंगदाणे सांडले.

पक्क्या परवान्याआधी तब्येतीची तपासणी होती. डॉक्टरने भिंतीवरच्या अक्षरांपुढे उभं केलं. बारक्याने सगळ्यात खालची ओळसुद्धा धडाधडा वाचली. मग डॉक्टरने त्याला नाकासमोर बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. दिसतात का? दिसतात. आता? आताही. "छान," डॉक्टर म्हणाला, "नजर एकदम स्वच्छ आहे." आणि शिक्का मारला. बारक्या बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याच्यामागे रांगेत असलेला माणूस बाहेर आला तेव्हाही तो तिथेच होता. त्या माणसाला वाटलं हा नापास झाला, त्याने समजूत घातली.

त्या दिवशी तो सरळ दवाखान्यात जाऊ शकला असता. वीस तारखेला अजून चार दिवस होते. पण पैसे तर भरून गेले होते, कशाच्या जोरावर जायचं? हा विचार त्याने तेवढ्यासाठीच केला, की जाऊ नये. दवाखान्यात जाऊन, हात जोडून, तारीख राखा एवढं म्हणायला पैसे लागत नव्हते. हे त्याला तेव्हाही कळत होतं. वीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी तो घाटात होता, गाडी छान चालली होती.

परीक्षा तो पहिल्याच खेपेला पास झाला. ताईने त्याच्यासाठी पाठीची उशी शिवून ठेवली होती, कमरेला आधार देईल अशी, मधे फुगीर, दोन्ही कडांना बांधायचे बंद. जुन्या कोटाचं जाड कापड वापरलेलं. बारक्याने ती उलटीपालटी करून बघितली. एका बाजूची शिवण वाकडी गेली होती. निम्म्यापर्यंत सरळ आणि मग हळूहळू आत घसरत गेलेली, जसा डुलकी लागलेल्या ड्रायव्हरचा ट्रक पट्टा सोडतो. तिच्या हातची वाकडी शिवण त्याने जन्मात पाहिली नव्हती. ती मात्र खुशीत होती. बसवून बघ, म्हणत होती, टोचत तर नाही ना.

तो टोचत नाही म्हणाला.

गोदामाचा ट्रक त्याच्या ताब्यात आला. पहिल्या पगारातून त्याने ताईसाठी पैसे बाजूला काढले, दुसऱ्यातूनही काढायचे असं ठरवलं. चौथा महिना संपायच्या आत सगळे जमले असते. मग तो दवाखान्यात गेला असता, तारीख घेतली असती, आणि कुणालाही काही कळलं नसतं. असा त्याचा हिशेब. तो माल पोचवून परतायचा, ताईकडे जायचा, तिचे थेंब संपले तर नाहीत ना बघायचा, तिला हवं नको विचारायचा. इतका की ताईच वैतागून म्हणाली, गाडी मिळाल्यापासून तू फार गुळमुळीत झालास.

दवाखान्यातल्या त्या बुधवारनंतर अकराव्या आठवड्यात ताई रस्ता ओलांडायला फुटपाथवरून उतरली आणि उजवीकडून आलेल्या सायकलने तिला पाडलं. सायकलवाला सांगत होता की मी घंटा वाजवली, बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा. बघितलं असेलही. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. टाके घालणाऱ्याने डोळे दाखवून घ्या म्हणून सांगितलं आणि बारक्याला ती फाइल कपाटातून काढावी लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वेळी आणखी जास्त वेळ लावला. मग फाइलची पानं मागे उलटली. "मागेच ऑपरेशन करायला सांगितलं होतं. मग का आला नाहीत?"

"तारीखच चार महिन्यांची मिळाली होती," ताई म्हणाली. तक्रार करायचा सूर नव्हता तिचा. उलट दवाखान्याची बाजू सांभाळून घेतल्यासारखी बोलली.

डॉक्टरांनी बारक्याकडे बघितलं. या दवाखान्यात कुणाला चार महिने थांबवत नाहीत, हे त्यांना माहीत असणारच. पण बाहेर चाळीस माणसं बसली होती, आणि त्यांनी पेन उचलून लिहायला घेतलं. त्याच आठवड्यात ऑपरेशन करा म्हणाले. बारक्याने साठवलेले पैसे होते, कमी पडले ते मालकाने दिले. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण दिले.

ऑपरेशननंतर डॉक्टर ताईच्या खोलीबाहेर भेटले तेव्हा बारक्याने त्यांना गाठून विचारलं. आधी केलं असतं तर किती फरक पडला असता? डॉक्टर म्हणाले की तसं नेमकं सांगता येत नाही. आता त्या डोळ्याला मधलं थोडंसं दिसेल, दाराच्या फटीतून बघितल्यासारखं. "तीन महिन्यांपूर्वी केलं असतं तर काहीतरी जास्त वाचलं असतं. किती, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." आणि ते पुढच्या खोलीत गेले.

काहीतरी. बारक्याला वाटलं, एक आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं. आकड्याला शेवट असतो.

पट्टी निघून आठवडा झाला. दुपारची वेळ होती. ताई मशीनवर बसून एका जाड कापडाला दुमड घालत होती, मान उजवीकडे वळवून, कोंबडीसारखी तिरकी बघत. तिचं तिलाच हसू येत होतं. बारक्या पलंगावर बसला आणि त्याने सांगितलं. आधी वेडंवाकडं, मग पहिल्यापासून नीट. खिडकी, वही, वीस तारीख, अंगठ्याने पुसलेली पेन्सिल. त्याने काहीही वगळलं नाही, घाटातल्या दिवसाचंही सांगितलं.

मशीन थांबलं होतं. ताईने विचारलं, "कुठली तारीख दिली होती म्हणालास?"

"वीस."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. बराच वेळ मोजत होती. मग म्हणाली, "मी काय केलं असतं, मलाही माहीत नाही. दिले असते तुला पैसे. नसतेही दिले. पण ते मी ठरवलं असतं ना, बारक्या. डोळा माझा होता."

तो काहीतरी बोलायला लागला तर तिने हात वर केला. आता जा, म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

घरी येऊन त्याने बायकोलाही सांगितलं. ती भांडली नाही. तिने एवढंच विचारलं की मी फळं घेऊन गेले त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं? तो हो म्हणाल्यावर ती उठली आणि ताईकडे निघून गेली. त्या दिवसापासून महिनाभर ती एकटी तिकडे जायची, डबा द्यायची, औषध घालायची. बारक्याला ताईने बोलावलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी यायचा, दुसऱ्या मजल्याची खिडकी बघायचा आणि परत फिरायचा. एवढा धिप्पाड माणूस, पण ते दोन मजले त्याला चढवत नव्हते.

महिन्याने तो चढला. त्याने ठरवून आणलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. गाडी सोडतो, मालकाला उद्या किल्ली देतो, पुन्हा खोकी उचलतो, कंबर गेली तर जाऊ दे.

ताईने त्याला पुरतं बोलू दिलं. "म्हणजे माझा डोळाही गेला आणि तुझी गाडीही गेली," ती म्हणाली. "मग मिळालं कुणाला काय? मुकाट्याने गाडी चालव."

मग तिने आपलं म्हणणं सांगितलं. तपासणीला तोच घेऊन जाणार, पण फाइल तिच्याकडे राहणार आणि खिडकीपाशी तीच उभी राहणार. पैसे पुरे फेडायचे, महिन्याच्या महिन्याला, माफ वगैरे काही नाही. माफ करायला मी काही मोठी साध्वी नाही, असंही म्हणाली. बारक्याने मान हलवली. तो तिच्या उजव्या अंगाला बसला होता, त्यामुळे तिला मान दिसली असेल की नाही कुणास ठाऊक. मग तो तोंडाने हो म्हणाला.

यानंतर बारक्याला एक खोड लागली. गोदामात, वजनकाट्यावर, ढाब्यावर कुणी विचारलं की शिकवणीचे पैसे कसे उभे केलेस, तर पूर्वी तो बहिणीने मदत केली म्हणायचा. आता तो खरं सांगायचा. बहिणीला खोटं सांगून तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे घेतले, ती एका डोळ्याने अधू झाली. काही जण खांद्यावर हात ठेवायचे, काही विषय बदलायचे. बारक्याला त्या दोन मिनिटांपुरतं जरा हलकं वाटायचं. मग तो पुढच्या ठिकाणी पुन्हा सांगायचा.

हे फिरत फिरत ताईला काम देणाऱ्या इस्त्रीच्या दुकानदारापर्यंत गेलं. तिथून ताईपर्यंत. दुकानदाराने तिला बिचाऱ्या, भावाने फसवलं हो, असं काहीतरी म्हटलं होतं. रविवारी बारक्या गेला तेव्हा ती वाटच बघत होती.

"गावभर माझा डोळा घेऊन का फिरतोस? तुला बरं वाटावं म्हणून माझी कीव करून घ्यायची का मी?"

बारक्याला तोंडात मारल्यासारखं झालं. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खोटं बोललो ते चुकलं, म्हणून खरं बोलत सुटलो, तर तेही तिच्याच जिवावर. त्याने विचारलं, मग मी काय करू? ताई म्हणाली, ते मला काय विचारतोस, गप्प राहायला जमत असेल तर बघ.

ते सगळ्यात अवघड निघालं. पिंपांमधून गाडी मागे घेण्यापेक्षाही. पण त्याने तोंड मिटलं.

आता या गोष्टीला पाच वर्षं झाली. पैसे कधीच फिटले. ताईने बारीक काम सोडलं, ती आता पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवते, आणि गल्लीतल्या दोन बायकांना कापड बेतायला शिकवते. शिकवताना फार ओरडते. रस्ता ओलांडताना कुणी हात धरला तर झटकते. डावा डोळा टिकून आहे. दर तीन महिन्यांनी बारक्या सुट्टी घेतो, माल कितीही अडला असला तरी. दवाखान्यात तो बाकावर बसतो. ती रांगेत उभी राहते, कारकुनाला तारीख दोनदा मोठ्याने म्हणायला लावते आणि मग स्वतःच्या पिशवीतल्या पेनाने, शाईत लिहून घेते.

मागच्या वर्षी गोदामातला एक हमाल बारक्याकडे आला. बारक्याच्याच वयाचा, त्याचा गुडघा गेला होता. त्याने तोच प्रश्न विचारला, पैसे कसे उभे केलेस? बारक्याच्या ओठांवर ते सगळं आलं होतं. त्याने ते गिळलं, हात पुसले आणि त्या माणसाला घेऊन मालकाच्या खोलीत गेला. मालकाला म्हणाला की याला उचल द्या, याने बुडवली तर माझ्या पगारातून कापा. मालकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, तुला कुणी असं काही दिलं नव्हतं, तू का देतोस, असं विचारलं. बारक्याने छताकडे बघितलं. मालक कुरकुरत उठला आणि त्याने कपाट उघडलं.

यामुळे त्याला बरं वाटलं का, असं कुणी विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि ते खरं आहे. तो माणूस आता दुसरी गाडी चालवतो. त्याला अजून माहीत नाही की बारक्याने त्या दिवशी त्याच्यासाठी का शब्द टाकला. त्याला वाटतं बारक्या मुळातच दिलदार आहे. तसं तो चारचौघांत बोलूनही दाखवतो, आणि तेव्हा बारक्या टायरांची हवा बघायला म्हणून उठून जातो.